वरचा सुळा

“वरच्या दाताले हात लावू देणार नाई म्हंजे नाई!” वच्छलाबाईंनी तोंडावर पदर दाबला आणि त्या खुर्चीतच मागे सरकल्या.

योगिनीने हातातली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. वच्छलाबाईंचा डावा गाल सुजून चकाकत होता. सूज नाकाच्या कडेने वर चढली होती. खालची पापणी फुगून डोळा अर्धा मिटला होता. गोळ्यांचा उपयोग झाला नव्हता. किडलेल्या सुळ्याच्या मुळाशी पू साठला होता आणि आता तो डोळ्याच्या दिशेने पसरत होता.

“आजी, दात ठेवला तर डोळ्याला धोका आहे,” योगिनी म्हणाली. “काढला तर नाही.”

“उलटंच सांगून राह्यली ही. दीपक, माह्या जावेचा वरचा दात उपटला होता, आठवते ना? सालभरात आंधळी झाली ते. भिंतीले धरून चाले.”

“त्यांना मोतीबिंदू असेल.”

“तू होती काय वं तिथं?”

योगिनीने एक्स-रे उजेडापुढे धरला. सुळ्याचं मूळ कुठे संपतं आणि डोळ्याची खोबण कुठे सुरू होते, ते बोटाने दाखवलं. मधलं हाड दाखवलं. वच्छलाबाईंनी तिकडे पाहिलंही नाही.

दीपक उठला. “राहू द्या मॅडम. आईची मर्जी नाई तं कसं करता? आणखी गोळ्या लिहून द्या. घरी नेतो.”

घरी गेली की ही बाई परत येणार नाही, हे योगिनीला दिसत होतं. पुढे काय होईल तेही तिने पुस्तकात वाचलेलं होतं. पण पेशंट नाही म्हणत असताना तिला काही करता येत नव्हतं.

दाराशी बाकावर बसलेले डॉक्टर हिवराळे उठून आत आले. पिंपळगाव राजात दाताचा दवाखाना पहिल्यांदा त्यांनीच उघडला. त्याआधी इथले दात बाजारात सतरंजीवर बसलेला माणूस उपटायचा. आता हात थरथरतो म्हणून त्यांनी चिमटा खाली ठेवला होता आणि दवाखाना योगिनी चालवत होती. ते मात्र रोज येऊन बसत.

“वच्छलाबाई, इकडे पाहा.” त्यांनी पांढरी मिशी बोटाने वर सारली आणि ओठ उचलला. डावीकडे, सुळ्याच्या जागी, नुसती हिरडी होती. “वरचाच हाय ना?”

वच्छलाबाईंनी पदर जरा खाली घेतला. पुढे वाकून नीट पाहिलं. मग डॉक्टरांच्या नाकाकडे बोट केलं. “म्हनून तं चष्मा लागला तुमाले!”

“अन् तुमाले काऊन लागला? तुमचे तं सारे जागच्या जागी हायेत.”

दीपकला हसू आलं. आईने त्याच्याकडे रोखून पाहिलं तसा तो गप्प झाला.

“कवा काढला हा?”

“लग्नाच्या आंधी. मंग पोरगी पाह्याले गेलो. चांगली पाहूनच केली.”

“तुमी पाह्यली, पन तिनं अशा बोळक्याले हो कसं म्हटलं?”

“मी हासलोच नाई त्या दिवशी.”

वच्छलाबाई हसल्या, आणि हसताना गाल ताणला म्हणून कळवळल्या. कळ ओसरेपर्यंत त्या डोळे मिटून बसल्या. मग त्यांनी मान मागे टेकली.

“काढ वं माय,” त्या योगिनीला म्हणाल्या. “पन डॉक्टर सायेब इथंच उभे राह्यले पाह्यजे.”

डॉक्टर उभे राहिले. योगिनीने हिरडी बधिर केली, थांबली, टोचून पाहिलं आणि मगच चिमटा लावला. सुळ्याचं मूळ लांब असतं. तिने घाई केली नाही. दात निघाला आणि त्यामागून पू आला. तो पुरता वाहू दिल्यावर तिने जागा धुतली, कापसाची घडी दाबून धरायला सांगितली.

“आई, दिसते ना?” दीपकने विचारलं.

वच्छलाबाईंनी चष्मा लावला. “दिसते ना बे,” त्या कापसाआडून बोलल्या. “दाढी करत जा जरा.”

ते गेल्यावर योगिनीने हत्यारं उकळायला टाकली. डॉक्टरांच्या तोंडातली ती रिकामी जागा तिने आधीही पाहिली होती. दाताच्या डॉक्टरचाच दात किडून जावा, याचं तिला नवल वाटलं होतं. विचारणं मात्र बरं वाटलं नव्हतं. आज तिने विचारलं.

“सर, लग्नाआधी म्हणजे तुम्ही नुकतेच इथे आला असाल. तेव्हा या भागात दुसरा डॉक्टर नव्हता. मग सुळा काढला कोणी?”

“म्याच.”

योगिनी त्यांच्याकडे वळली.

“बाजारात टेबल मांडलं,” डॉक्टर म्हणाले. “न्हाव्याकडून मोठा आरसा आणला. इंजेक्शन घेतलं अन् काढला. सारा बाजार पाहून राह्यला होता. मंग दर बाजारी त्याच जागी बसून मोठ्यानं पेपर वाचत जाय. डोळे शाबूत हायेत हे लोकाईले दिसलं पाह्यजे ना. त्याच्या आंधी कोनी वरच्या दाताले हात लावू देत नव्हतं. अशीच गाल सुजलेली एक बाई मले नाई म्हणून घरी गेली. ते वाचली नाई.”

योगिनीने हत्यारांच्या भांड्यावर झाकण ठेवलं. मग तिच्यातल्या डॉक्टरला राहवलं नाही. “पण सुळाच का? इतकं लांब मूळ! फारच किडला होता का?”

“किडका कुठून आणू?” डॉक्टर म्हणाले. “माहे सारेच दात चांगले होते.”