सपाट तळाची बोट

बोटवाला सगळं दादाला सांगत होता. बोट घ्यायची होती दादाच्या धाकट्या बहिणीला, आणि ती त्या दोघांच्या पायांशी, ठोकळ्यांवर चढवलेल्या एका सपाट तळाच्या बोटीखाली उताणी पडून तिचा तळ बघत होती.

"ती सोडा, ही बघा," बोटवाला शेजारच्या बोटीवर थाप मारत म्हणाला. "नाक उंच, पोट धारदार. लाट कापत जाते. तीन माणसं आरामात चालवतात."

"तीन चालतात की तीन लागतात?" खालून आवाज आला.

बोटवाला वाकला. "लागतात, काकू."

"मग नको."

ती सरपटत बाहेर आली. पाठीची माती झटकायच्या भानगडीत ती पडली नाही. दादानं बोटवाल्याकडे बघून मान हलवली, हिचं हे असंच, अशा अर्थानं.

"अगं, तुला कोण चालवायला सांगतंय?" दादा म्हणाला. "मी आहे, माझे दोन मुलगे आहेत. बोट तुझ्या नावावर, मेहनत आमची. तू घरी निवांत बस."

"निवांत बसायचं असतं तर इथवर कशाला आले असते?" तिनं सपाट तळाच्या बोटीवर हात ठेवला. "हिला पाणी किती लागतं?"

"वीतभर," बोटवाला म्हणाला.

"रिकामीला. भरलेलीला किती?"

बोटवाल्यानं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. "तीन माणसं असली तर दीड वीत."

"पाण्यात उतरवा. बघू."

ओहोटी लागली होती. मोठ्या बोटी खोल पाण्यात नांगरून पडल्या होत्या. खाडीच्या उथळ बाजूला चिटपाखरू नव्हतं. बोटवाल्यानं सपाट बोट उतारावरून पाण्यात ढकलली. दादा नाखुशीनं चढला आणि मधल्या फळीवर दोन्ही हातांनी धरून बसला. चाळीस वर्षं भर समुद्रात काढलेला माणूस, पण इतक्या बुटक्या काठाच्या बोटीत त्याला कसंतरीच होत होतं.

किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर गेल्यावर तिनं बोटवाल्याला मोटर बंद करायला सांगितली. मग उठली, एका बाजूच्या काठाला गुडघे टेकले आणि कमरेतून थेट पाण्यावर ओणवी झाली, जड जाळं वर ओढताना माणूस होतो तशी. बोट तिच्या बाजूला कलली. दादा ओरडला. बोट तेवढीच कलली आणि थांबली.

"उलटत नाही," ती म्हणाली. "काठ बुटका आहे म्हणून एकटीला जाळं ओढता येईल. हीच घेते."

"एकटीला?" दादाचा चेहरा लाल झाला. "वारा सुटला की ही पत्रावळीसारखी उडेल. त्या टोकापलीकडे, भर समुद्रात, एक लाट आली तरी..."

"टोकापलीकडे तू जा. मी कधीच जाणार नाही."

"लोक हसतील."

"हसू देत. त्यांचंही तोंड मोकळं होईल."

मग खरं होतं ते दादाच्या तोंडून निघालं. "आणि उद्यापासून माझी मासळी कोण साफ करणार?"

तिनं आपले हात बघितले. सुरीच्या खुणा इतक्या होत्या की नवी कुठली आणि जुनी कुठली, ते तिलाही सांगता आलं नसतं. "इतकी वर्षं धरलीस ना? आता साफही करायला शीक."

बोटवाला खोकला आणि उगाच मोटरशी खुटखुट करू लागला.

पुढं कोणी काही बोलायच्या आतच तळाखालून खरखर आवाज आला. बोट अडली. बोलण्याच्या नादात ती वाहत वाहत चिखलाच्या उंचवट्यावर आली होती, आणि पाणी उतरतच होतं.

"झालं," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात समाधान लपत नव्हतं. "बघितलीस तुझी बोट? आता भरती येईपर्यंत बसा इथंच."

तिनं मोटर वर उचलून घेतली. बोटीत आडवा ठेवलेला बांबू काढला, एकदा खाली रोवून बघितला. उंचवट्याच्या पलीकडे पाण्याचा रंग किंचित गडद होता. तिथून एक अरुंद पन्हळ खाडीच्या पोटात आत आत गेली होती. आत, सपाट चकाकत्या पाण्यावर, मासे एवढे उसळत होते की पाऊस पडत असावा असं वाटत होतं.

"उतरा," ती म्हणाली.

"काय?"

"दोघं उतरा. वजन कमी झालं की ती तरंगेल."

बोटवाल्यानं एकवार तिच्याकडे पाहिलं, चपला काढल्या, विजार गुडघ्यापर्यंत गुंडाळली आणि तो पाण्यात उतरला. "उतरा साहेब," तो दादाला म्हणाला. "मालकीणबाई सांगताहेत."

दादा बुटांसकट उतरला. पाय चिखलात रुतला तसा त्याच्या तोंडून एक शब्द निघाला, बहिणीसमोर एरवी त्यानं तो उच्चारला नसता. बोट खालून सुटली, हलकी होऊन डुलली. तिनं बांबू टेकवून एक रेटा दिला आणि बोट उंचवट्यावरून पन्हळीत घसरली.

"अगं, मग आम्ही परत कसं जायचं?"

तिनं दुसरा रेटा दिला, मग तिसरा. तिची पाठ, मातीसकट, लहान होत चालली होती.

"चालत," ती मागं न बघता म्हणाली. "शिंपल्या वेचायला मी वीस वर्षं तशीच येत होते."