पुढचं कडवं

पेटीवर सूर धरून टिपणीसबाईंनी तोंड उघडलं, पण गळ्यातून नुसती घरघर निघाली. समूहगीताच्या चाळीस मुली गोंधळल्या.

"बाई, घसा अजून बरा नाही झाला?" पुढच्या रांगेतल्या ईश्वरीनं विचारलं.

घशात कर्करोग होता. सोमवारी डॉक्टर स्वरयंत्रच काढून टाकणार होते. शाळेत बाईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मी म्हणते, मागून तुम्ही म्हणा," म्हणत त्यांनी पहिली ओळ कशीबशी गायली. मुलींनी ती उचलली आणि असा आवाज लावला की शेजारचा गणिताचा तास थांबला. कुणी डोळे मिटून गात होती, कुणी टाचा उंचावून, कुणी हसू न आवरून. बाईही गात राहिल्या. आपला आवाज एकदा नीट ऐकावा म्हणून त्यांनी पेटी सोडून कानावर हात धरला. ऐकू आल्या त्या मुलीच.

घंटा झाली. दप्तर उचलत ईश्वरी म्हणाली, "बाई, सोमवारी पुढचं कडवं शिकवाल ना?"

"शिकवीन हं."

मुली तेच गाणं ओरडत जिन्यावरून पळाल्या. रिकाम्या वर्गात बाईंनी ते दोन शब्द पुन्हा म्हणून पाहिले, स्वतःला ऐकू येतील असे.