तिसऱ्या गाण्यातला ओरखडा

बसा जरा, एका मिस्त्रीची गोष्ट सांगतो. लांबण लावत नाही. एका बाईनं त्याच्या टेबलावर रेकॉर्ड ठेवली आणि म्हणाली, "काका, ही परत बिघडवून द्या."

मिस्त्रीला वाटलं, आपले कान गेले. त्याचा जन्म गेला रेकॉर्डप्लेअर दुरुस्त करण्यात. मध्ये वीस वर्षं कुत्रं विचारत नव्हतं, तेव्हा मिक्सर उघडून पोट भरलं. आता ज्यांच्या खिशातल्या मोबाइलमध्ये लाख लाख गाणी, तीच पोरंपोरी रेकॉर्डी काखेत मारून दारात उभी. पण बिघडवायला आजवर कुणी आलं नव्हतं.

आठच दिवसांपूर्वी हीच बाई हीच रेकॉर्ड घेऊन आली होती. तिसऱ्या गाण्यात सुई अडकायची, एकच शब्द घोकत बसायची. तिच्या वडिलांना दर वेळी उठून सुई पुढं सरकवावी लागायची, आणि त्यांचा एक पाय लुळा. "पडले तर काय घ्या," म्हणाली होती. मिस्त्रीनं डोळ्याला भिंग लावून, लाकडाच्या काडीनं दोन तास तिथला ओरखडा साफ केला. गाणं लोण्यासारखं सुटलं.

"मग आता काय झालं?"

"आता बाबा उठतच नाहीत. बाजू संपली की मशीन आपोआप पहिल्यापासून लागतं. ते आपले दिवसभर खुर्चीत. आधी शिव्या देत का होईना, वीस वेळा उठायचे. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर पाय कायमचा जाईल."

"मशीन बंद करा."

"केलं. भिंतीकडं बघत बसून राहिले."

"मग तुम्ही उठवा की, ताई."

"माझं ऐकतायत होय? ते फक्त आईचं ऐकायचे. ती गेली गेल्या वर्षी."

मिस्त्री उठला. दारापर्यंत गेला, परत आला. स्टूल इकडचं तिकडं केलं. चहावर साय धरली तरी कपाला हात नाही. कोपऱ्यात दोन पोरी रेकॉर्डी चाळत होत्या, त्यांच्यावर उगाच खेकसला, "काठाला धरा, काठाला. बोटं उमटतात." अख्ख्या आयुष्यात त्यानं एका रेकॉर्डला नख लावलं नव्हतं.

"ताई, हे वाटतं तितकं सोपं नाही," तो म्हणाला. "जास्त लागलं तर रेकॉर्डच जाईल. कमी लागलं तर सुई टुणकन उडी मारून पुढं जाईल. नेमकं अडकवायचं तर हात बसावा लागतो."

"दुसरी रेकॉर्ड चालणार नाही त्यांना. हीच लागते. बघा तुम्ही."

जागा शोधायला म्हणून मिस्त्रीनं भिंग लावलं. रेकॉर्ड फिरवता फिरवता मधल्या कागदापाशी आला. तिथं गुळगुळीत पट्टी असते, गाणं नसतं. त्या पट्टीवर चार बारीक ओरखडे होते. मागच्या वेळीही दिसले होते, तेव्हा सोडून दिले. एक खोल. एक पुसट. एक फारच तिरका. आणि चौथा अगदी तसाच, जसा त्यानं तिसऱ्या गाण्यातून काढला होता.

मिस्त्री जागीच थांबला.

"ही घरात कधी आली?"

"बाबा दवाखान्यातून घरी आले तेव्हा आईनं आणली. नवी कोरी. दुसऱ्याच दिवशी अडकायला लागली. बाबा दुकानदाराचा उद्धार करत होते, आणि आई म्हणायची, जाऊ द्या हो, उठा आणि सरकवा."

"आई काय करायच्या?"

"लोकांचे कपडे शिवायची. का हो?"

मिस्त्रीनं भिंग काढलं नाही. डोळा पुसायचा होता, तोही भिंगाआडच राहिला. नुसता हात पुढं केला. "टाचणी असली तर द्या. माप तुमच्या आईंनी काढून ठेवलंय."

तर तुम्हीही एवढं करा. घरात एखादी वस्तू वर्षानुवर्षं अडत असेल, तर मिस्त्रीकडं न्यायच्या आधी घरच्यांना एकदा विचारा, ती अडवून कुणी ठेवलीय.