डावी बाजू

रोह्याच्या बाबाजीने भंगारातले भाग जमवून घरामागे सात वर्षं मोटार बांधली. बायको गिरजाबाई म्हणायची, "मला एकदा बसवा की." तो म्हणायचा, "पुरी होऊ दे गो." त्याआधीच ती गेली.

चौऱ्याण्णवच्या दिवाळीत मोटार पुरी झाली, पण पुढून डावीकडे दबलेली. पेणच्या मिथुन मेकॅनिकने स्प्रिंग बदलली, शॉकअब्सॉर्बर बदलला. तरी तेच.

"काका, यात खराबी काय नाय. वजन हाय."

"रिकामी तर हाय."

मिथुन हत्यारं आवरून निघून गेला.

भर दुपारी बाबाजीने डावं दार उघडलं. "आता बसून काय उपयोग? उतर गो," तो कडवटपणे म्हणाला.

डावी बाजू हळूहळू वर आली.

मग, बाबाजी डाव्या दाराशीच उभा असताना, स्टिअरिंगची बाजू खाली बसली.