उरलेला गाल

डावा गाल झाला आणि सलूनवाल्या काकांनी वस्तरा पुसून ठेवला. उजव्या गालावरचा फेस ओल्या फडक्याने टिपून घेतला. खालचे आठवड्याचे खुंट तसेच राहिले. मग त्यांनी वायरमनच्या गळ्याभोवतीचं कापड सोडून झटकलं.

"काका, अर्धी राहिली."

"राहू दे. उरलेली वरून आल्यावर."

"वरून म्हणजे?"

काकांनी हनुवटीने छताकडे खूण केली. "दर गुरुवारी पावणेसातला येतोस. जिन्याशी थांबून हातातला कागद वाचतोस आणि माझ्या खुर्चीत येऊन बसतोस. दाढी झाली की समोरच्या बाकावर आठपर्यंत बसून राहतोस. पाच गुरुवार झाले. माझ्या आरशात सगळा रस्ता दिसतो, बाबा."

वायरमनला राग यायला हवा होता. आला नाही. हल्ली काहीच येत नसे. खिशातला टेस्टर स्वतःला लावून पाहिला असता तरी दिवा लागला नसता, अशी एकंदर गत.

कागद ताईचा होता. बायको मुलीला घेऊन माहेरी गेल्यापासून तो ताईकडेच राहत होता. तिने पत्ता, वार, वेळ लिहून खाली 'दारू सोडणाऱ्यांची बैठक' असं लिहिलं होतं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. जणू हा चुकून दुसऱ्याच कुठल्या बैठकीला जाऊन बसणार होता. ताई इस्पितळात रात्रपाळीला असायची. दोघांची धड गाठ पडायची ती तिच्या गुरुवारच्या सुट्टीला. त्या दिवशी तो गुळगुळीत गालांनी आणि लोशनच्या वासाने घरी जायचा. तो वास बाकीचे वास झाकून टाकायचा. ताई दारातच म्हणायची, "बघ, माणसात आलास."

काल तिने त्याच्या बायकोला फोन करून सांगितलं होतं, पाच बैठका झाल्या, एकही चुकवली नाही. बायको म्हणाली होती, या रविवारी मुलीला पाठवते. पण तो पिऊन दिसला तर पुन्हा कधीच नाही. बाटली अजून हत्यारांच्या पिशवीत होती, टेपच्या गुंडाळ्यांखाली. रविवारचं ऐकून आनंद व्हायला हवा, निदान भीती तरी वाटायला हवी, एवढं त्याला कळत होतं.

"काका, असा घरी गेलो तर ताई उरलेली बिनपाण्याने करेल."

"मग नको जाऊस घरी."

"आणि वर असल्या तोंडाने जाऊ?"

"वर पहिल्या दिवशी कुणाचं तोंड धड असतं?" काका म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला खुर्ची दाखवली. "पिशवी इथेच ठेव. कुणी नेत नाही."

पिशवी खुर्चीशी ठेवून तो बाहेर आला. समोरच्या बाकावर तीन माणसं बसली होती. तिघांनीही त्याच्याकडे पाहिलं, एकाने तर वाकून पाहिलं. त्याने उजव्या गालावर हात ठेवला. रस्त्यावर दिवे लागले होते. जिन्यात मात्र अंधार होता. धैर्य वगैरे काही नव्हतं. अंधार दिसला आणि तो त्यात शिरला, इतकंच.

वर शिकवणीचा वर्ग होता. फळ्यावर अर्धवट पुसलेलं गणित. मुलांच्या बुटक्या बाकांवर नऊदहा मोठी माणसं गुडघे वर घेऊन बसली होती. कुणी त्याला नाव विचारलं नाही. शेवटच्या बाकावर बस ड्रायव्हरच्या गणवेशातला एक जाडा गृहस्थ सरकला. वायरमन त्याच्या शेजारी बसला, गालावर हात धरूनच, दाढ दुखत असल्यासारखा.

ड्रायव्हरने दोनदा पाहिलं. मग कानाशी येऊन विचारलं, "उजवा ठेवला वाटतं?"

वायरमनने गालावरचा हात आणखी दाबून धरला.

"माझा डावा ठेवला होता. चार वर्षं झाली." ड्रायव्हरने समोरच्या बाकावरच्या टक्कल पडलेल्या माणसाकडे बोट दाखवलं. "त्याला दाढी होती कुठे? त्याची अर्धी मिशी उडवली."

टक्कलवाल्याने मागे न बघता मिशीवरून बोट फिरवलं. मिशी आता पुरती होती, भरघोस.

वायरमनच्या तळहाताला खुंट टोचत होते. बराच वेळ टोचत असावेत. त्याला ते आत्ता कळलं.

"नव्या पाहुण्यांना काही सांगायचंय?" पुढे बसलेल्या बाईंनी विचारलं. "नसलं तरी चालेल."

त्याला नाही म्हणायचं होतं, पण तो उठला. बुटक्या बाकात गुडघे अडकले, ते सोडवून सरळ उभा राहिला.

"रविवारी माझी मुलगी येणार आहे," तो म्हणाला.

कालपासून तो हे वाक्य नुसतं ऐकत होता. तोंडाने पहिल्यांदाच म्हणाला, आणि म्हणताच त्याला भीती वाटली. इतकी, की आधाराला समोरच्या बाकाची कड धरावी लागली, दोन्ही हातांनी.