कूस

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी जोतीरामला घरी न्यायला सांगितलं. त्याला हातही उचलवत नव्हता. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्याची बायको सारजाबाई त्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवायची.

एका दुपारी ती कुलूप उघडून नळाचं पाणी घेऊन आत आली, तर तो भिंतीकडं वळलेला. पाठीला पावडरही लावलेली.

“कोण आलं हुतं?”

“तूच की. हात लई गार हायेत तुजे.”

तिनं त्याला आपल्याकडं वळवलं आणि खाटेसमोर बसून राहिली. नजर हलवली नाही.

गिरणीचा चारचा भोंगा झाला. जोतीरामचा खांदा अलगद उचलला गेला, मग कंबर.

सारजाबाईचे हात मांडीवरच होते.

“सारजे,” भिंतीकडं तोंड करून तो म्हणाला, “आता बरं वाटलं बग.”