टायरचा क्लेम

कंपनीच्या साहेबांनी टायरला नाक लावून वास घेतला आणि कपिल काउंटरजवळ सरकला.

या टायरपायी यवतमाळला मुख्तारभाईंच्या दुकानात आपण किती चकरा मारल्या, हे मोजणं त्यानं कधीच सोडून दिलं होतं. कधी कंपनीचे साहेब नागपूरहून आलेलेच नसायचे. कधी नुकतेच येऊन गेलेले असायचे. एकदा तर बिलावरचा शिक्काच पुसट निघाला. तिकडे राळेगावजवळच्या गावात त्याची मोटरसायकल पुढचं चाक काढून विटांवर उभी होती. गावोगाव फिरून विजेच्या मीटरचं रीडिंग घ्यायचं हे त्याचं काम, आणि ठेकेदारानं बजावलं होतं, सोमवारी गाडी घेऊन ये, नाहीतर येऊच नको. बायको म्हणायची, नवं घ्या एकदाचं आणि सुटा. पण कपिल हट्टाला पेटला होता. वॉरंटीतलं टायर वर्षाच्या आत बाजूनं भेगाळतं, त्याला फुगा येतो, म्हणजे चूक कंपनीची. ती आपण का भोगायची? आता मात्र त्या हट्टाचाही त्याला वीट आला होता. काय ते एकदा ठरावं आणि घरी जाऊन पडावं, एवढीच इच्छा उरली होती.

आज वडीलही सोबत आले होते. लकवा मारल्यापासून बबनरावांचा डावा हात कामातून गेला होता, पण जीभ शाबूत होती. "तू बोलाले कच्चा हायेस लेका, साहेबाले मी सांगतो," म्हणत ते हट्टानं एसटीत बसले. आत्ता दुकानाबाहेरच्या बाकावर चहा पीत होते.

"याला तेल लावता काय?" साहेबांनी विचारलं.

"टायरले कोण तेल लावते जी?"

"कोणीतरी लावतं. वास येतोय. तेल रबराला खातं. या भेगा त्याच्याच. कंपनीचा दोष असता तर दिलं असतं बदलून." साहेबांचा आवाज दमलेला होता. सकाळपासून त्यांनी बऱ्याच जणांना नाही म्हटलं होतं आणि त्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या.

कपिलचा पारा चढला. "तुमचं ठरलंच राह्यते. काही ना काही खुसपट काढाचं अन् माणसाले वापस धाडाचं. आमच्या घरी गाडीले कोणी बोटसुद्धा लावत नाही..."

आणि तो बोलता बोलता थांबला. बोट लावणारं एक माणूस घरात होतं.

लकवा मारला, बैलजोडी विकली, आणि बबनरावांना घरात काम म्हणून उरलं नाही. काही करायला उठले की जो तो म्हणायचा, राहू द्या, तुम्ही बसा. जन्मभर पहाटे उठून राबलेला माणूस, बसून बसून पार आंबून गेला होता. मग एक दिवस फडकं घेऊन ते मोटरसायकलशी जाऊन बसले. तेव्हापासून रोज बसायचे. कपिल उशिरा घरी यायचा, जेवायचा आणि आडवा व्हायचा. सकाळी गाडी लख्ख दिसायची. ती कशानं पुसता, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

चढलेला आवाज ऐकून बबनराव आत आले.

"साहेब, मले इचारा. आमच्यासारखी गाडी पंचक्रोशीत कोणी जपत नसन. पोयाच्या आदल्या दिशी बैलाचे खांदे चोळून देतो का नाही, तसं मी रोज सांजेले दोन्ही टायरले जवसाचं तेल चोळून देतो. रोज. एका हातानं."

मुख्तारभाई उगाच काउंटर पुसायला लागले. साहेबांनी कपाळावरून हात फिरवला.

"काका, अहो त्याच तेला..."

"साहेब!" कपिल एकदम ओरडला. "चूक माही हाय. मी भरधाव गाडी गड्ड्यात घातली. तवापासून फुगा आला. बाबाले सांगाची हिंमत नाही झाली म्हून कंपनीवर ढकललं."

साहेब त्याच्याकडे बघतच राहिले.

"गड्ड्यात?" बबनरावांचा आवाज चढला. "मी इकडे हात दुखेपर्यंत तेल चोळून राह्यलो, अन् तू गाडी गड्ड्यात घालतं? लाज नाही वाटत? या बिचाऱ्या साहेबाले कायले तरास देल्ला मंग?"

मुख्तारभाई मध्ये पडले. "जाऊ द्या चाचा. जवान पोरगा आहे." पण बबनराव थांबले नाहीत. कपिलनं खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. पुढच्या चाकाला नवं टायर त्यानं स्वतःच्या खिशातून घेतलं. त्याला वाईट वाटत नव्हतं. बाबांना इतक्या जोरात बोलताना त्यानं कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं.

बबनरावांनी नव्या टायरवरून उजवा हात फिरवला. "याले आजपासूनच तेल सुरू करतो. दुप्पट."

कपिलनं साहेबांकडे पाहिलं. बॅग उचलून निघालेले साहेब दारातून मागे फिरले.

"याला नका लावू, काका. हे कंपनीतूनच तेल पिऊन येतं. मागच्यालाही आता नको. जास्त झालं तर सोसत नाही त्यांना."

बबनरावांचा चेहरा पडला. "मंग मी काय करू?"

"ओल्या फडक्यानं पुसायचं," साहेब म्हणाले. "पण रोज. एक दिवस जरी चुकला ना काका, तर वॉरंटी गेली समजा."